पायऱ्यांनी जाणारा मामा

मामा लिफ्टला घाबरतो, ही बातमी घरात पहिल्यांदा कोणी सोडली ते आता सांगता यायचं नाही. पण सुटली आणि चांगली मुरली. लिफ्टचा मेकॅनिक माणूस, सव्वीस वर्षं लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करतोय, आणि स्वतः बघावं तेव्हा जिन्याने. दवाखान्यात जिन्याने, हॉटेलात जिन्याने, मोठ्या मावशीच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटवर जिन्याने, तेही काखेत कलिंगड धरून. मोठ्या मावशीचा मुलगा, ज्याला सगळी भावंडं दादा म्हणतात आणि जो विमा विकतो, त्याचं म्हणणं असं की मामाला आतलं काहीतरी ठाऊक असणार. "डॉक्टरच स्वतःचं औषध घेत नसेल तर आपण काय समजायचं?" असं तो गंभीर चेहऱ्याने विचारायचा. मोठी मावशी त्याच्याही वरची. तिच्या सांगण्याप्रमाणे मामा एकदा दोन मजल्यांच्या मध्ये रात्रभर अडकला होता आणि बाहेर आला तेव्हा केस पांढरे झाले होते.

यातलं खरं एवढंच की मामा अडकला होता. रात्रभर नाही, चाळीस मिनिटं. आणि त्या चाळीस मिनिटांत त्याने लिफ्टमधला उघडझाप करणारा दिवा दुरुस्त केला, कारण खिशात टेस्टर होता आणि दुसरं काही काम नव्हतं. केस तिशीतच पांढरे झाले होते, ते आजोबांकडून आलेले. जो माणूस लिफ्टच्या डोक्यावर उभा राहून, हातात बॅटरी धरून नऊ मजले वर जातो, तो लिफ्टच्या पोटात शिरायला कशाला घाबरेल?

तो जिन्याने का जातो याचं कारण वेगळंच होतं आणि ते मामीशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मग ते कॅसेटला कळलं. आणि कॅसेटला कळलं म्हणजे झालंच.

कॅसेट ही मामाची धाकटी भाची, वय वर्षं पंधरा. हे नाव मामानेच ठेवलेलं. चार वर्षांची असताना तिने शेजारच्या शिंपिणीची शिंक, शिंकेनंतरचं "अगं आई गं" आणि त्यानंतर मशीन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज, असं सगळं एका दमात काढून दाखवलं होतं. तेव्हापासून कोणीही भेटलं की ती आधी त्याचा आवाज खिशात घालायची. चेहरे तिच्या लक्षात राहत नसत. नक्कल म्हणजे आवाज, बाकी हातवारे म्हणजे नुसती भाजी वाढवायला घातलेलं पाणी, असं तिचं पक्कं मत होतं. आणि तिचा सगळ्यात चांगला श्रोता मामा. बाकीचे हसायचे. मामा ओळखायचा. दुकानदाराची नक्कल केली तर "हा सकाळचा आहे, संध्याकाळी त्याचा घसा बसतो" असं सांगणारा दुसरा कोण होता?

दर वर्षी सगळं घर दोन दिवसांसाठी कुठेतरी एकत्र जमतं. यंदा पाळी मामाच्या गावाची होती. तलावाकाठचं एक अतिथीगृह भाड्याने घेतलेलं, वीस-बावीस माणसं, आणि मोठ्या मावशीने आखलेला कार्यक्रम. मोठी मावशी शाळेची मुख्याध्यापिका होती आणि निवृत्त झाल्याचं तिला कोणी अजून नीट सांगितलेलं नसावं. कार्यक्रमाचा कागद प्रत्येक खोलीच्या दारावर चिकटवलेला होता. दहा वाजता नौकाविहार. चार ते चार-वीस चहा. चार-वीस ते चार-पंचवीस हात धुणे. साडेचारला खेळ. दुसऱ्या दिवशी सकाळी जुना पाण्याचा मनोरा, जो गावात येणारा प्रत्येक पाहुणा बघतो, ज्याला दोनशे बारा पायऱ्या आहेत आणि ज्याच्या लिफ्टची देखभाल मामा करतो.

"म्हणजे मामा, उद्या तुझ्या लिफ्टमधून आम्ही वर, आणि तू पायऱ्यांनी," दादा नावेत म्हणाला.

मामा हसला. पण आधी त्याने इकडेतिकडे बघितलं, मग हसला. अर्धा क्षण उशीर. एवढासा उशीर दुसऱ्या कोणाला जाणवला नसता, पण कॅसेटचं सगळं दुकानच अर्ध्या क्षणावर चालायचं. सकाळपासून तिला काहीतरी बोचत होतं. गेल्या वर्षीचा मामाचा आवाज तिच्याकडे घोटून तयार होता: खालच्या पट्टीतला, वाक्याच्या शेवटी "काय?" म्हणताना हातात काहीतरी ठेवल्यासारखा. यंदा तो जुळेना. मामा एक पट्टी वर बोलत होता. 'स' आणि 'श' यांच्या कडा झिजल्या होत्या, वापरून वापरून झिजलेल्या साबणासारख्या. आणि मामी. मामी सतत त्याच्या शेजारी, एक बोट त्याच्या कोपराला. कोणी विचारलं, "साखर घालू का?" की बोट एकदा टेकायचं, मामा म्हणायचा, "घाला." "थंडी वाजतेय का?" दोनदा. "नाही नाही." घरात सगळे म्हणायचे की मामी त्याला बोलू देत नाही, स्वतःच उत्तरं देते. त्यामुळे हेही मामीच्या खात्यात गेलं.

नावेत मामा सगळ्यांत मागे, नाववाल्याच्या पायाशी, सगळ्यांकडे तोंड करून बसला होता. "माझी जागा हीच," म्हणाला. उन्हाला तोंड करून कोण बसतं?

दुपारपर्यंत कॅसेटने सगळं जुळवलं होतं. जुळवलं, पण मोठ्याने स्वतःशीही म्हटलं नाही. हे नीट लिहिलं पाहिजे, कारण पुढे ती जे बोलली त्यात हेच गाळलं होतं.

साडेचारला जेवणाच्या खोलीत टेबलं भिंतीला लावली, दोरीवर एक पांढरी चादर टाकली, आणि दर वर्षीचा खेळ सुरू झाला. कॅसेट चादरीमागे, बाकीचे पुढे. ती आवाज काढणार, बाकीचे माणूस ओळखणार. तिने आजी काढली, जिने आधी ओठ आत घेतले आणि मग "कोणी मला चहा दिला की नाही ते मला आठवत नाही, म्हणजे दिला नसणार" असं सांगितलं. हशा. तिने मोठ्या मावशीचे यजमान काढले, मग गावातल्या बँकेतली बाई. टाळ्या. पण मामा गप्प. दर वर्षी पहिलं नाव त्याचं यायचं, गेल्या वर्षीही, जेव्हा चादरच मिळाली नव्हती. चादरीच्या फटीतून तिने बघितलं: तो चादरीकडे बघत होता, प्रेमाने, आणि त्याला काहीही पोचत नव्हतं.

"मामा, ओळख ना," कॅसेटची आई म्हणाली. बोट टेकलं.

"मुलांना ओळखू द्या," मामा म्हणाला. "मी दर वर्षी ओळखतो."

कॅसेटला राग आला. हे विचित्र आहे, पण खरं तेच. सगळ्यात चांगला प्रेक्षक न सांगता घरी निघून गेल्यासारखा राग. आणि रागाच्या खाली एक खाज, जी फक्त नकलाकाराला असते: बघूया तरी. ती चादरीमागून बाहेर आली, थेट मामासमोर उभी राहिली, पाठ ताठ केली, चष्मा नसताना नाकावर सरकवला आणि मोठी मावशी झाली. पूर्ण मोठी मावशी, भुवयांसकट. फक्त आवाज काढला नाही. एक अक्षर नाही. ओठ हलत होते, हवेत बोट फिरत होतं, आणि आवाजाविना ती सांगत होती की या अतिथीगृहातली उशी म्हणजे उशी नव्हे, पोत्यात भरलेली बटाट्याची रास आहे आणि कोणाला तरी याचा जाब द्यावा लागेल.

मागे मुलं खिदळली. त्यांना वाटलं, नवीन प्रकार आहे. मामा मान डोलवत होता. ती थांबली तेव्हा तो खळखळून हसला.

"हुबेहूब," तो म्हणाला. "आवाज तर अगदी तिचाच. आणि उशीचं बरोबर आहे तिचं, मलाही टोचली दुपारी."

 दादा मामाच्या मागे बसला होता. "मामा," तो म्हणाला, "ती बोललीच नाही काही." मामा अजून हसत होता, कॅसेटकडे बघून. दादाने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. मामाचं हसणं चालूच. मग त्याला समोरच्या चेहऱ्यांवर काहीतरी दिसलं. त्याचं हसू एकदम गेलं नाही. हळूहळू उतरलं. आधी डोळ्यांतून, मग गालांवरून. मामीने बोट त्याच्या कोपरावरून काढून घेतलं.

"कधीपासून?" आजीने विचारलं. तिने ते त्याच्यासमोर येऊन, काठी टेकत, त्याच्या तोंडाकडे बघून विचारलं. एकट्या तिलाच ते सुचलं.

"दोन वर्षं झाली, आई. मशीनरूमचा आवाज. सव्वीस वर्षांचा आहे तो, कुठेतरी जाऊन बसणारच."

मग सगळे एकदम बोलायला लागले, म्हणजे मामाला काहीच कळेनासं झालं. दादाने पहिला प्रश्न विचारला तो विमावाल्याचा होता: मग ते लिफ्टचं काम कसं चालतं, आणि उद्या आम्ही त्यात बसायचं का? मामी उभी राहिली. "ऑफिसला पहिल्या महिन्यात सांगितलंय त्याने," ती म्हणाली. "कामावर जोडीदार असतो. एक जण कानाने तपासतो, हा हाताने. दोघांची सही असते. लपवलंय ते फक्त तुमच्यापासून. का ते आत्ता बघताय ना?" आणि तिने मामाच्या कोपराला धरलं. दोघं घरी गेली. कार्यक्रमाच्या कागदावर पुढे 'सहा वाजता: समूहचित्र' असं होतं. ते काढलं नाही.

मागे राहिलेल्यांचा हिशेब सुरू झाला. कारण या घरात एक गोष्ट सगळ्यांना मान्य होती: मामासारखा ऐकून घेणारा माणूस नाही. ज्याला काही सांगायचं असेल तो मामाकडे जायचा. मामा मध्ये बोलायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, शेवटी म्हणायचा, "असू दे." लोक हलके होऊन परत यायचे.

"मी गेल्या वर्षी त्याच्याशी दोन तास बोलले," मोठी मावशी म्हणाली. "स्वेटर विणत. दोन तास. सुनेबद्दल."

"माझ्याबद्दल?" वहिनी म्हणाली.

"तू नाहीस. सर्वसाधारण सुनांबद्दल."

"मी नोकरी सोडायचं बोललो होतो," दादा म्हणाला. "चालता चालता. तो म्हणाला, चांगलं आहे. मी त्याच्या जिवावर राजीनामा लिहिला होता."

"मग तो मान कशाला डोलवत होता?" मोठ्या मावशीने सगळ्यांना विचारलं, वर्गाला विचारावं तसं.

"तुझं ऐकून मान डोलवणारा तो एकच होता," आजी म्हणाली. "त्यालाही घालवलंत."

घालवलंत, असं ती म्हणाली. पण बघितलं कॅसेटकडे. मग आईनेही बघितलं. "तुला माहीत होतं?"

आणि कॅसेटने खांदे वर घेतले, तळवे उघडले, डोळे मोठे केले. "मला काय माहीत. मी आपली गंमत केली."

आवाज स्वच्छ निघाला. न थरथरता, न घाई करता, पंधरा वर्षांच्या निष्पाप मुलीचा निघेल तसाच. तिने आजवर केलेली सगळ्यात उत्तम नक्कल तीच असावी. आई म्हणाली, "तिला काय माहीत असणार," आणि विषय मिटला. इतका सहज मिटला की कॅसेटलाच ते खुपलं. रागावलं असतं तर बरं झालं असतं. उलट वहिनीने तिला बिस्किटं दिली, "तू नको मनाला लावून घेऊस" म्हणून, आणि ती बिस्किटं तिने खाल्ली, तीनही.

आणि तिचा स्वतःचा एक हिशेब होता, तो कोणाला सांगण्यासारखा नव्हता. गेल्या वर्षी, बागेतल्या बाकावर, तिने मामाला सांगितलं होतं की गणिताच्या परीक्षेच्या दिवशी तिने आईच्या आवाजात शाळेला फोन केला होता. एकदा नाही, तीनदा. 'मुलीला ताप आहे हो, उतरतच नाही.' बाईंनी तिसऱ्यांदा काळजीने विचारलं होतं, "तुम्हीही थकलेल्या वाटता." तेव्हापासून तिला आईशी फोनवर बोलायचीच लाज वाटायची. मामाने सगळं ऐकलं होतं आणि म्हणाला होता, "असू दे. पुन्हा नको करूस." त्या एका वाक्यावर तिने वर्ष काढलं होतं. आता कळत होतं की माफी होती, पण गुन्हा पोचलाच नव्हता. कोणालाही, कशावरही चालेल अशी माफी. त्यावर तिचं काही नावबिव नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला मामा-मामी आले नाहीत. आईने फोन केला तेव्हा मामी एवढंच म्हणाली, "उद्या येतो का ते त्याला विचारा, समोर येऊन. मी दुभाषी नाही."  मोठ्या मावशीने कागदावरच्या मनोऱ्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. तिने आखलेल्या कार्यक्रमात प्रश्नचिन्ह येण्याची ही पहिलीच वेळ.

सकाळी सगळे मनोऱ्याच्या फाटकाशी पोचले तर मामा आधीच तिथे होता. कामाचे निळे कपडे, हातात चहाचा पेला, शेजारी जोडीदार. रविवारी सकाळी गर्दी व्हायच्या आधी एक फेरी तपासायची असते. मामा लिफ्टच्या दाराच्या चौकटीला तळवा लावून उभा होता, डॉक्टर पाठीला हात लावून 'श्वास घ्या' म्हणतो तसा. जोडीदाराने बटण दाबलं. लिफ्ट वर गेली, खाली आली. मामाने मान हलवली, जोडीदाराने मान हलवली, दोघांनी वहीत सही केली. पाहुण्यांकडे बघून तो म्हणाला, "आठ जण एका वेळी." बस. काल काही झालंच नाही असं नाही, पण कालचं आत्ता काढायचं नाही, असा चेहरा.

सगळे घुटमळले. दादा फाटकावरची सूचना वाचायला लागला, जी त्याने आल्याबरोबर वाचलेली होती. आजी मात्र काठी टेकत सरळ लिफ्टमध्ये शिरली आणि तोंड बाहेर करून उभी राहिली.

"पोरगा माझा, लिफ्ट त्याची," ती म्हणाली. "ज्यांना विमा काढायचाय त्यांनी खाली थांबा."

मग काय, दादा पहिल्याच खेपेत गेला. दुसरी खेप गेली, तिसरी गेली. तिसरीत एक जागा होती, आईने हाक मारली, पण कॅसेट बुटाची नाडी बांधत राहिली. नाडी आधीच बांधलेली होती. दार बंद झालं. मामा पायऱ्यांच्या तोंडाशी उभा होता. ती त्याच्यासमोर गेली आणि फार हळू, एकेक अक्षर सोडवून म्हणाली, "मा-मा, मी का-ल..."

"हळू नको बोलूस," मामा म्हणाला. "हळू बोललं की तोंड वेडंवाकडं होतं, काही कळत नाही. नेहमीसारखी बोल. फक्त समोर राहा."

"तू जिन्याने का जातोस?" तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"लिफ्टमध्ये सगळे दाराकडे तोंड करून उभे राहतात," मामा म्हणाला. "आणि दाराशी बोलतात. कोणी काही विचारलं तर मला फक्त कानशिलं दिसतात. जिन्यावर कोणी बोलत नाही, सगळ्यांना धाप लागते. बरं पडतं."

"कानाला लावायचं यंत्र?"

"आहे ना. घरी लावतो. इथे लावलं असतं तर तुझी मावशी बोलली नसती, ओरडली असती. यंत्र दिसलं की लोक बोलायचं सोडून ओरडतात. मला दोन दिवस नेहमीसारखं बोलणारी माणसं बघायची होती."

कॅसेट खाली बघत काहीतरी म्हणाली. मामाने तिची हनुवटी वर केली. "समोर," तो म्हणाला.

"गेल्या वर्षी बाकावर मी तुला जे सांगितलं, ते तुला ऐकू आलंच नाही ना?"

"नाही आलं."

तिने मान हलवली. तेच तर.

"दिसलं," मामा म्हणाला. "मावशी विणत होती, तिचं काही दिसलं नाही. दादा शेजारून चालत होता, त्याचंही नाही. राजीनाम्याचं काल तुझ्या आईने फोनवर मामीला सांगितलं आणि मामीने मला, तेव्हा घाम फुटला मला. पण तू बाकावर समोर मांडी घालून बसली होतीस. हाताचा फोन केलास, कपाळाला आठी घातलीस आणि माझी बहीण झालीस. ताप बघताना ती हात उलटा लावते, तसा लावलास. मग तीन बोटं दाखवलीस. शाळा, फोन, तीनदा. यात ऐकायचं काय राहिलं?"

"पण आवाज नव्हता. आवाजाशिवाय कसं कळेल तुला कोण ते?"

"तुझ्या नकलेत आवाज सगळ्यात शेवटी येतो," मामा म्हणाला.

हे मात्र कॅसेटला लागलं. अपराधी वाटत असतानाही लागलं, कारण माणूस कितीही शरमला तरी त्याच्या धंद्यावर बोललेलं सहन होत नाही. "पैज," ती म्हणाली. "पाच जण करते. आवाज नाही, ओठांवर खरे शब्दही नाहीत, नुसती तोंडाची हालचाल. तू तीनसुद्धा ओळखणार नाहीस."

"पाचही ओळखले तर?"

"तू म्हणशील ते."

"पायऱ्यांनी वर. माझ्याबरोबर. आणि वर गेल्यावर मी सांगेन ती एक नक्कल करायची, आवाजासकट, सगळ्यांसमोर."

"आणि नाही ओळखलेस तर आज दिवसभर यंत्र लावायचं. मावशीच्या शेजारी."

मामाने क्षणभर विचार केला. जोखीम मोठी होती. "चालेल," म्हणाला.

तिने हवेत बोटाने माणसं मोजली, मोजताना एक जण निसटला, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. "मावशी," मामा म्हणाला, मोजणी संपायच्या आत. तिने एक हात छातीवर ठेवून दुसऱ्याने खिसा चाचपला, मान तिरकी केली. "दादा. हा नकार ऐकल्यानंतरचा." तिने ओठ आत घेतले. "आई, म्हणजे तुझी आजी. ही तू काल केलीस तेव्हा चादर मध्ये होती, नाहीतर कालही ओळखली असती."

तीन झाले. आता तिने डाव टाकला. घरातलं कोणी नाहीच. ती नसलेल्या वल्ह्यावर रेलली, तोंडातल्या तोंडात पुटपुटली, थांबली, परत पुटपुटली.

"नाववाला," मामा म्हणाला. "कालचा. बोलताना पाण्याकडे बघत होता. मला त्याचं एक अक्षर कळलं नाही, म्हणून चांगला लक्षात राहिला."

चार. पाचवा राहिला. कॅसेटच्या डोक्यात तोपर्यंत शंभर माणसं तयार होती. बँकेतली बाई, बसचा कंडक्टर, असा माणूस की जो मामाने जन्मात बघितलेला नाही. पैज जिंकायला तेवढं पुरे होतं.  वरून लिफ्टचा दोर हलल्याचा आवाज आला, आणि तो फक्त तिलाच आला.

मग तिने खांदे वर घेतले, तळवे उघडले, डोळे मोठे केले, आणि आईकडे वळून, म्हणजे भिंतीकडे वळून, आवाजाविना काहीतरी म्हटलं.

मामा हसला नाही.  तिला वाटलं, हरला. क्षणभर बरंही वाटलं.

"ही सोपी होती," तो म्हणाला. "ही मुलगी काल चादरीपुढे उभी होती. नक्कल सुरू करायच्या आधी तिने माझ्याकडे बघितलं, बाकीच्यांकडे नाही. तिला माहीत होतं. आणि नंतर कोणीतरी विचारल्यावर हिने हे असं केलं असणार. मी घरी गेलो होतो, मी बघितलं नाही. पण असंच केलं असणार."

कॅसेटने मान हलवली.

"वर गेल्यावर हीच करायची," मामा म्हणाला. "शेवटचं वाक्य बदलून."

त्याने पाण्याची बाटली तिच्या हातात दिली आणि पायऱ्या चढायला लागला. चाळीस पायऱ्यांपर्यंत ती मागून येत होती. पन्नासाव्या पायरीवर पोटात कळ आली. साठाव्याला ती कठड्याला धरून उभी राहिली. "मामा," ती म्हणाली. "मामा, थांब ना." निळी पाठ वळणावरून वर गेली, त्याच चालीने. तिने आणखी मोठ्याने हाक मारली, आणि मग तिचं तिलाच कळलं.

थांब म्हणायचं तर आधी त्याच्या पुढे जायला हवं. समोर उभं राहायला हवं. तिने बाटली काखेत मारली आणि दोन दोन पायऱ्या घेत पळत सुटली. अजून दीडशेच्या वर पायऱ्या होत्या, धाप आत्ताच लागली होती, आणि पैज ती पाचही नगांनी हरली होती.